होंडा सिव्हिक टाइप आर : पिढ्या सहा, गाड्या सात

२०२५च्या सुरुवातीला होंडा कंपनीने जाहीर केले की सिव्हिक टाइप आर या गाडीची युरोपातील विक्री थांबविण्यात येत असून, निरोपाची म्हणून फक्त ४० गाड्यांची ‘अल्टिमेट एडिशन’ काढली जाईल. बातमी छोटी होती, पण वाचणाऱ्याला तिने कोड्यात टाकले. पुढची चाके फिरविणाऱ्या गाड्यांमध्ये जगातील सर्वांत वेगवानांपैकी एक म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती गाडी आहे त्या स्थितीत उत्तम चाललेली असताना बंद का करावी? शिवाय या गाडीबद्दल वाचू लागले की ईके९, ईपी३, एफएन२, एफडी२ अशी सांकेतिक नावे अंगावर येतात, आणि प्रत्येक नावामागे ‘खरी टाइप आर हीच’ असे हट्टाने सांगणारा एक गट उभा असतो.

हा सगळा इतिहास दोन साध्या प्रश्नांभोवती फिरतो. इंजिनात जास्तीत जास्त हवा कशी भरायची, हा पहिला प्रश्न. त्यातून निघालेली ताकद पुढच्या दोनच चाकांतून रस्त्यावर कशी उतरवायची, हा दुसरा. सात गाड्या म्हणजे या दोन प्रश्नांना वेळोवेळी दिलेली सात उत्तरे आहेत.

धुराच्या नियमाने मोठे केलेले नाव

मूळ सिव्हिक जुलै १९७२मध्ये जपानमध्ये आली. ती लहान, हलकी, घरगुती वापराची गाडी होती. त्याच काळात अमेरिकेत वाहनांच्या धुराबाबत अतिशय कडक कायदा झाला होता आणि तो पाळणे अशक्य असल्याचा सूर मोठमोठ्या कंपन्यांनी लावला होता. होंडाने सीव्हीसीसी नावाचे इंजिन तयार केले. त्यात मुख्य ज्वलनकक्षाशेजारी एक छोटा कक्ष असे. तेथे पेट्रोलचे दाट मिश्रण आधी पेटे आणि त्याची ज्योत मुख्य कक्षातील विरळ मिश्रण पेटवी. चुलीत आधी काटक्या पेटवून मग मोठे लाकूड धरविण्याचाच हा प्रकार होय. पेट्रोल अधिक पूर्ण जळत असल्यामुळे धूर शुद्ध करणारे वेगळे उपकरण न बसविताही सिव्हिक त्या कायद्यात बसली. अमेरिकेत या नावाला प्रतिष्ठा मिळाली ती वेगामुळे नव्हे, स्वच्छ धुरामुळे. पुढची कथा वाचताना हे लक्षात ठेवावे.

इंजिनाचा श्वास

पेट्रोल इंजिनाला ताकद मिळते ती पेट्रोल जाळून, आणि जाळायला हवा लागते. टाकीतून पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. अडचण हवेची असते. एका वेळी सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच हवा आत येते. म्हणून अधिक ताकद हवी असेल तर तीन मार्ग उरतात: सिलिंडर मोठे करायचे, तेच सिलिंडर मिनिटाला अधिक वेळा भरायचे, किंवा त्यांत हवा दाबून कोंबायची. पहिल्या मार्गाने गाडी जड होते आणि जपानमध्ये इंजिनाच्या आकारानुसार वार्षिक कर वाढतो. होंडाने आधी दुसरा मार्ग धरला.

येथे दोन शब्द एकदाच समजून घेऊ. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पीळ, प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. शक्ती म्हणजे तो जोर आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार. ती अश्वशक्तीत मोजतात. विहिरीवरून पाणी शेंदताना बादलीचा आकार म्हणजे टॉर्क, मिनिटाला किती बादल्या वर आल्या ते फेरे, आणि मिनिटाभरात हौदात पडलेले एकूण पाणी म्हणजे शक्ती. बादली लहान असली तरी हात झपाझप चालला तर हौद भरतोच.

हात झपाझप चालविण्यात अडथळा येतो तो व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचा. त्या कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्यावरील उंचवट्यांनी उघडतात. उंचवटा लहान ठेवला तर इंजिन शहरात शांतपणे चालते, पण वेगात त्याला धाप लागते. मोठा ठेवला तर वेगात ते मोकळा श्वास घेते, पण सिग्नलला उभे असताना थरथरते आणि पेट्रोलही पिते. माणूसही चालताना नाकाने श्वास घेतो आणि धावताना तोंड उघडतो. इंजिनाला मात्र दोन्ही साधत नव्हते.

१९८९मध्ये होंडाच्या इंटेग्रा गाडीत आलेल्या व्हीटेक यंत्रणेने ते साधले. तिच्यामागे इकुओ काजितानी या अभियंत्याचे काम होते. झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी दांड्यावर तीन उंचवटे ठेवले. कडेचे दोन सौम्य, मधला उंच. कमी फेऱ्यांना कडेचे दोन काम करतात आणि मधला नुसताच फिरत राहतो. फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तेलाच्या दाबाने एक खिळी सरकते, झडपा ढकलणाऱ्या तिन्ही तरफा (रॉकर आर्म) एकमेकांत अडकतात आणि सगळ्या झडपा उंच उंचवट्याच्या तालावर उघडू लागतात. त्या क्षणी इंजिनाचा आवाजच बदलतो. १.६ लिटरच्या त्या इंजिनाने १६० अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे १००. टर्बोशिवाय चालणाऱ्या रोजच्या वापराच्या गाडीत हा आकडा तेव्हा अपवादात्मक होता.

पहिली गाडी: ईके९

‘टाइप आर’ हे नाव आधी १९९२मध्ये एनएसएक्स या महागड्या स्पोर्ट्स कारला आणि १९९५मध्ये इंटेग्राला मिळाले. आर म्हणजे रेसिंग. कल्पना सरळ होती: शर्यतीला निरुपयोगी ते काढून टाकायचे, उपयोगी ते घट्ट करायचे. सोबत एक खास पांढरा रंग आला, ज्यात मलईची किंचित झाक आहे. १९६५च्या मेक्सिको ग्रांप्रीत रिची गिंथरने होंडाला फॉर्म्युला वनमधील पहिला विजय मिळवून दिला ती आरए२७२ गाडी पांढरी होती आणि तिच्यावर जपानचा लाल सूर्य होता. टाइप आरचे लाल बोधचिन्ह आणि पांढरा रंग हे त्या गाडीचे स्मरण आहे.

ऑगस्ट १९९७मध्ये हे नाव सिव्हिकच्या सहाव्या पिढीला मिळाले. येथेच पहिला गोंधळ होतो, कारण सिव्हिकची पिढी सहावी, पण टाइप आर म्हणून ती पहिली. तीन दारांच्या या ईके९चे इंजिन तेच १.६ लिटरचे, पण ८,२०० फेऱ्यांना १८५ अश्वशक्ती देणारे होते. ८,४०० फेऱ्यांपर्यंत ते नेता येई, म्हणजे सेकंदाला १४० फेरे. त्या एका सेकंदात प्रत्येक झडप ७० वेळा उघडून मिटते. टॉर्क मात्र १६० न्यूटन-मीटरच, आणि तोही ७,५०० फेऱ्यांना. लहान बादली, विलक्षण चपळ हात. वजन एक टनाच्या जरासे वर, किंमत १९ लाख ९८ हजार येन. गाडी फक्त जपानमध्ये विकली गेली. आज हिच्याबद्दल जे हळवेपण दिसते त्याचे मूळ येथे आहे: चालकाला ताकद आयती मिळत नसे, गिअर खाली घेऊन, फेरे चढवून ती मागून घ्यावी लागे.

‘आमच्या सिटीवरही व्हीटेक लिहिलेले आहे’

हा आक्षेप भारतीय वाचकाकडून हमखास येतो, आणि तो रास्त आहे. २००० सालच्या सुमारास आपल्याकडे आलेली होंडा सिटी व्हीटेक गाडीवेड्यांमध्ये अजून आठवली जाते आणि नंतरच्या सिटींवर आय-व्हीटेक हे शब्द राहिलेच. पण व्हीटेक हे एका यंत्राचे नसून यंत्रणांच्या कुळाचे नाव आहे. झडपांचे उघडणे फेऱ्यांनुसार बदलायचे, एवढेच त्यांच्यात समान आहे. ती युक्ती टोकाच्या शक्तीसाठी वापरायची की रोजच्या वापरातील इंधनबचतीसाठी, हे त्या त्या इंजिनानुसार ठरते. सिव्हिक भारतात २००६मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये अधिकृतपणे विकली गेली, टाइप आर मात्र आली नाही.

बैलगाडीचा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. सिव्हिकचे इंजिन पुढे आहे आणि ते पुढचीच चाके फिरविते. ही रचना स्वस्त, हलकी आणि आत ऐसपैस जागा देणारी आहे. म्हणून बहुतेक लहान गाड्या अशाच असतात. तिची तुलना बैलगाडीशी करता येईल, कारण तेथे ओढणारेही बैल आणि वळविणारेही बैलच. मागची चाके नुसती मागून येतात.

अडचण अशी की रस्त्यावर टायरची पकड ठरलेली असते, महिन्याच्या पगारासारखी. त्यातील जितका भाग गाडी पुढे ओढण्यात खर्च होतो, तितका वळण घेण्यासाठी कमी उरतो. वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाके घसरतात आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते.

त्यात भर पडते ती डिफरेन्शियलची. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा हा गिअरचा संच असतो. साधा संच दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. जोडीतला एक बैल चिखलात घसरू लागला की दुसराही तेवढ्याच दुबळ्या जोराने ओढणार, असा त्याचा न्याय आहे. ईके९मध्ये हेलिकल पद्धतीचा मर्यादित-घसरण डिफरेन्शियल होता. तिरप्या दातांच्या गिअरमधील घर्षणामुळे तो पाय रोवून उभ्या असलेल्या चाकाकडे अधिक जोर वळवितो. वळणावर गाडी आत ओढली जाते आहे असे चालकाला वाटते ते यामुळे. माझ्या मते टाइप आरच्या यशात इंजिनाइतकाच वाटा या भागाचा आहे. त्याचे कौतुक कमी होते, कारण तो आवाज करीत नाही.

इंग्लंडची टाइप आर, आणि दोन भावंडे

२००१ची दुसरी गाडी, ईपी३, इंग्लंडमधील स्विंडनच्या कारखान्यात बनली. जपानी ग्राहकांसाठीच्या गाड्याही तेथेच बनून जहाजाने जपानला गेल्या. इंजिन २ लिटरचे झाले. युरोपात २०० अश्वशक्ती, जपानसाठी २१५. डिफरेन्शियलचा तो खास संच जपानी आवृत्तीत होता, युरोपच्या मूळ आवृत्तीत नव्हता. गिअरचा दांडा डॅशबोर्डवर उंच बसविलेला होता. दिसायला विचित्र, हाताला सोयीचा. पुढचे सस्पेन्शन मात्र चाक दोन आडव्या भुजांनी धरणाऱ्या जुन्या दुहेरी विशबोन रचनेऐवजी साध्या स्ट्रट, म्हणजे एका उभ्या खांबाच्या, पद्धतीचे झाले आणि स्टिअरिंगमधून रस्ता पूर्वीसारखा कळत नाही अशी टीका झाली.

तिसऱ्या पिढीत, २००७मध्ये, वाट दुभंगली. युरोपात तीन दारांची एफएन२ आणि जपानमध्ये चार दारांची सेडान एफडी२ अशा एकाच नावाच्या दोन वेगळ्या गाड्या निघाल्या. शीर्षकातील हिशेब येथे जुळतो. एफडी२ सुझुकामध्ये बनली, २२५ अश्वशक्तीची, मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली आणि खड्ड्यांत दयामाया न दाखविणारी. एफएन२ ज्या युरोपीय सिव्हिकवर आधारलेली होती तिची पेट्रोलची टाकी पुढच्या आसनांखाली होती, म्हणजे मागे सामानाला जागा व्हावी. त्याच हिशेबाने मागची चाके एका आडव्या पिळदार तुळईने जोडलेली होती. बाजारहाटासाठी उत्तम, शर्यतीसाठी तडजोड. जपानी सेडानची तारीफ आणि युरोपीय हॅचबॅकची उपेक्षा होते ती या फरकामुळे, इंजिनामुळे नव्हे.

२०१०मध्ये दोन्ही संपल्या. युरोपात कारण स्पष्ट होते: ते इंजिन युरो ५ या धुराच्या नव्या नियमात बसत नव्हते. ८,००० फेऱ्यांच्या गाण्याची ही अखेर होती.

लोहाराचा भाता

पाच वर्षांनंतर, २०१५मध्ये, एफके२ आली ती तिसरा मार्ग धरून, म्हणजे हवा दाबून भरून. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. लोहार भात्याने निखाऱ्यांवर हवा मारतो तशी टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. फरक इतकाच की हा भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही, बाहेर पडणारा धूरच एक चक्र फिरवितो आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र ताजी हवा आत ढकलते. एरवी वाया जाणारी ऊर्जा कामी येते.

परिणाम आकड्यांत पाहा. इंजिन २ लिटरचेच, पण ३१० अश्वशक्ती ६,५०० फेऱ्यांना, आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क २,५०० फेऱ्यांपासून. ईके९च्या अडीच पट बादली, तीही हात सावकाश चालत असताना. ज्याला आपण बोलताना पिकअप म्हणतो तो आता गिअर न बदलताही मिळू लागला.

‘टर्बो आला आणि आत्मा गेला’ हा आक्षेप तेव्हापासून चालत आला आहे. तो अर्धा खरा आहे. फेरे चढवीत नेण्याची आणि मध्येच आवाज बदलण्याची ती गंमत कमी झाली, हे मान्य करायला हवे. पण व्हीटेक गेले नाही, त्याचे काम बदलले. या इंजिनात ते धूर सोडणाऱ्या झडपांचे उघडणे बदलते, म्हणजे कमी फेऱ्यांनाही टर्बोचे चक्र लवकर गती घेते. दाबाला होणारा उशीर हा टर्बोचा जुना दोष. होंडाने आपल्या जुन्या हुकमी पत्त्याने तोच कमी केला. आणि पर्याय काय होता, हेही पाहावे. जुन्या पद्धतीचे इंजिन नियमांत बसविता आले नाही म्हणूनच मध्ये पाच वर्षांची पोकळी पडली होती.

बिजागरी आणि दार

एवढा टॉर्क पुढच्या दोन चाकांवर टाकला की स्टिअरिंग हातातून हिसकले जाते. बैलांपैकी एकाने अचानक जोरात ओढले की जू तिरके होते, तसे हे आहे. याला टॉर्क स्टिअर म्हणतात. याचे मूळ असे की वळताना चाक ज्या काल्पनिक रेषेभोवती फिरते ती रेषा चाकाच्या मध्यापासून दूर असते. दार कडेला ढकलले तर बोटानेही फिरते, बिजागरीजवळ ढकलले तर अंगाचा जोर लावूनही हलत नाही. साध्या स्ट्रट रचनेत इंजिनाचा जोर दाराच्या कडेला लागतो. एफके२पासून वापरलेल्या ‘ड्युअल ॲक्सिस स्ट्रट’ रचनेत वळणारा भाग स्ट्रटपासून वेगळा काढून ती रेषा चाकाच्या मध्याजवळ आणली आहे. जोर बिजागरीजवळ पडतो आणि स्टिअरिंग शांत राहते. ईपी३मध्ये गमावलेले बरेचसे येथे परत मिळाले.

‘मग सरळ चारही चाके का फिरवीत नाहीत?’ असे कोणीही विचारेल. काही प्रतिस्पर्धी तसे करतातही. पण त्यासाठी मागेपर्यंत दांडा, दुसरा डिफरेन्शियल आणि सांधे लागतात. वजन वाढते, किंमत वाढते. हलकेपणा हा टाइप आरचा पहिला नियम असल्यामुळे होंडाने दोनच चाकांवर राहून प्रश्न सोडविला, आणि सहाही पिढ्यांत ही शिस्त मोडली नाही.

जर्मनीतील घड्याळ

२०१७ची एफके८ या वाटेवर बरीच पुढे गेली. मागे चाक अनेक दांड्यांनी धरणारे बहुदुवा सस्पेन्शन आले, शक्ती ३२० अश्वशक्ती झाली आणि अमेरिकेत प्रथमच अधिकृत टाइप आर विकली गेली. मोठा पंख आणि मध्यभागी तीन धूरनळ्या यांमुळे ती खेळण्यासारखी दिसते, हे मला मान्य आहे. पंख मात्र निव्वळ शोभेचा नाही, वेगात मागची बाजू जमिनीला दाबून धरण्याचे काम तो करतो.

जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या उत्तर फेरीवर तिने २०१७मध्ये ७ मिनिटे ४३.८० सेकंद ही वेळ नोंदविली. २०२३मध्ये पुढच्या एफएल५ने ७ मिनिटे ४४.८८१ सेकंद नोंदविले आणि तरीही पुढची चाके फिरविणाऱ्या गाड्यांचा विक्रम तिचाच मानला गेला. नवी गाडी हळू असून जिंकली कशी? उत्तर मोजपट्टीत आहे. जुनी वेळ २०.६ किलोमीटरची होती; मधल्या काळात नियम बदलून पूर्ण २०.८३२ किलोमीटर मोजले जाऊ लागले. त्या हिशेबाने २०१९मध्ये रेनॉ कंपनीच्या मेगान गाडीने ७ मिनिटे ४५.३८९ सेकंदांचा विक्रम केला होता, तो एफएल५ने अर्ध्या सेकंदाने मोडला. ज्यांना असले विक्रम निव्वळ जाहिरात वाटतात त्यांचे फारसे चुकत नाही. पण सलग वीस किलोमीटर चढ, उतार आणि ७०हून अधिक वळणे घेताना ब्रेक आणि इंजिन किती तापते, हे असल्या रस्त्यावरच उघडे पडते.

शेवटची, आणि ग्रॅमचा हिशेब

स्विंडनचा कारखाना जुलै २०२१मध्ये बंद झाला. २०२२ची एफएल५ जपानमधील सैतामा प्रांतातील योरी येथे बनते. जपानमध्ये ३३० अश्वशक्ती, ४२० न्यूटन-मीटर, वजन सुमारे १,४३० किलो आणि सुरुवातीची किंमत ४९ लाख ९७ हजार ३०० येन. पंचवीस वर्षांत वजन सुमारे पावणेचारशे किलोंनी वाढले आणि किंमत अडीच पट झाली. एवढे वजन कोठून आले? अपघातात तग धरणारा सांगाडा, एअरबॅग, मोठे ब्रेक, रुंद टायर, मागची दोन दारे यांतून.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. युरोपीय संघात प्रत्येक गाडीला स्वतंत्रपणे बंदी घातली जात नाही. कंपनीने विकलेल्या सर्व नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात. २०२५पासून हे लक्ष्य संपूर्ण बाजारासाठी किलोमीटरला सुमारे ९४ ग्रॅम असे कडक झाले. सरासरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जितके ग्रॅम वर, त्याला ९५ युरोंनी गुणायचे आणि मग विकलेल्या गाड्यांच्या संख्येने. म्हणजे एका तापट गाडीचा भुर्दंड साऱ्या घराला बसतो, एकाने रात्रभर एसी चालविला की सामायिक वीजबिल सगळ्यांनी भरावे तसा. टाइप आर युरोपात बंद झाली ती कोणाला नको झाली म्हणून नव्हे. थोड्या विकल्या जाणाऱ्या गाडीसाठी हा हिशेब जुळत नाही म्हणून. धुराच्या कायद्यावर मात करून मोठ्या झालेल्या नावाला धुराच्याच कायद्याने २०१०मध्ये एकदा आणि आता पुन्हा अडवावे, हे मात्र चमत्कारिक आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये होंडाने प्रिल्यूड हे जुने नाव जपानमध्ये पुन्हा आणले. त्या गाडीला पुढचे ड्युअल ॲक्सिस स्ट्रट टाइप आरचे आहेत. इंजिन मात्र पेट्रोल आणि विजेच्या मोटारींचे संमिश्र आहे, त्याला नेहमीचा गिअरबॉक्स नाही, आणि गिअर बदलल्याचा भास संगणक निर्माण करतो, स्पीकरमधून आवाज देऊन. पुढच्या चाकांचा प्रश्न सोडविणारे उत्तर तेथे जसेच्या तसे पोहोचले. श्वासाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुन्हा नव्याने लिहिले गेले, आणि बोधचिन्ह या वेळी लाल नाही.